औषध आणि ट्रान्सपोर्टर यांच्या लॅब टेस्टिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सपोर्टर टेस्टिंगबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी प्रोजेक्ट करतंय, कुणी नुकतंच लॅबला लागलंय, कुणाच्या हातात बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आलाय आणि त्यातल्या आकड्यांचं करायचं काय हे कळत नाहीये. म्हणून सगळे प्रश्न एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे गुंतागुंत वाढत जाते, ज्यांना बेसिक माहीत आहे त्यांनी सरळ प्रश्न ७ पासून वाचलं तरी चालेल.

१. ट्रान्सपोर्टर म्हणजे नक्की काय? औषध तर आपोआप पेशीत शिरतं ना?

काही शिरतात. पेशीचं आवरण चरबीचं असतं, त्यामुळे छोटा, चार्ज नसलेला, चरबीत विरघळणारा रेणू त्यातून सहज पार होतो. पण चार्ज असलेला किंवा पाण्यातच रमणारा रेणू दाराशीच अडकतो आणि त्याला आत न्यायला आवरणात बसलेलं एक प्रोटीन लागतं, तो ट्रान्सपोर्टर. उलटही होतं, रेणू आपला आपण आत शिरतो आणि दुसरं प्रोटीन त्याला परत बाहेर काढतं.

यांची दोन मोठी घराणी आहेत. एबीसी घराण्यातले एटीपी (पेशीचं इंधन) खर्च करून माल बाहेर टाकतात, त्यातले पी-जीपी, बीसीआरपी आणि बीसेप ही नावं सारखी कानावर पडतील. एसएलसी घराण्यातले बहुतेक आत घेणारे, म्हणजे लिव्हरमधले ओएटीपी१बी१ आणि ओएटीपी१बी३, किडनीतले ओएटी१, ओएटी३ आणि ओसीटी२. मेट१ आणि मेट२-के हे मात्र एसएलसी असूनही लघवीकडे बाहेर टाकायचं काम करतात, त्यामुळे "एसएलसी म्हणजे आत" असं पाठ करून ठेवू नका.

पी-जीपी सगळ्यात आधी सापडलं, १९७६ मध्ये, कोल्चिसिनला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींमध्ये ज्युलियानो आणि लिंग यांनी ते दाखवलं. तेव्हा विषय कॅन्सरच्या औषधांचा होता, रोजच्या गोळ्यांशी याचा एवढा संबंध असेल हे नंतर उलगडत गेलं.

२. सीवायपी एन्झाइमच्या टेस्ट झाल्यात, मग ही वेगळी भानगड कशाला?

कारण सीवायपी हे मुख्यतः लिव्हरमधलं एन्झाइम औषध तोडतं आणि ट्रान्सपोर्टर औषध कुठे जाणार ते ठरवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयाचं औषध डिगॉक्सिन बघा. त्याचं मेटाबोलिझम फार होत नाही, सीवायपीच्या चष्म्यातून बघितलं तर त्याला कशाचीच भीती नसायला हवी, पण १९७८ च्या सुमारास लक्षात आलं की क्विनिडीन सोबत दिलं की रक्तातलं डिगॉक्सिन साधारण दुप्पट होतं, आणि डिगॉक्सिनच्या बाबतीत दुप्पट म्हणजे थेट विषबाधेचा धोका. क्विनिडीन पी-जीपीला अडवतं हे कारण पुढे कळलं.

लोपरामाइडचं उदाहरण तर मी प्रत्येकाला सांगते. जुलाबावरची साधी गोळी, आहे ओपिऑइड (अफूच्या जातीची), पण मेंदूच्या वेशीवरचं पी-जीपी तिला आत फिरकू देत नाही म्हणून नशा नाही की श्वास मंदावणं नाही. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना लोपरामाइडबरोबर क्विनिडीन दिलं तेव्हा श्वसनावर ओपिऑइडचा परिणाम दिसला.

३. सबस्ट्रेट टेस्ट आणि इन्हिबिटर टेस्ट यात फरक काय? दोन्ही कराव्या लागतात का?

हो, दोन्ही, कारण दोन वेगळे प्रश्न आहेत. सबस्ट्रेट टेस्ट विचारते की आपलं औषध या ट्रान्सपोर्टरवर बसून प्रवास करतं का, म्हणजे दुसऱ्या कुठल्या औषधाने तो अडवला तर आपल्या औषधाची पातळी बिघडेल का. इन्हिबिटर टेस्ट विचारते की आपलं औषध या ट्रान्सपोर्टरला अडवतं का, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याची पातळी बिघडेल का. एक औषध दोन्ही असू शकतं. आणि एखादं औषध ट्रान्सपोर्टरला घट्ट धरून अडवतं पण स्वतः त्यातून जातच नाही असंही होतं, त्यामुळे एका टेस्टवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

४. माणसात शेकडो ट्रान्सपोर्टर आहेत म्हणतात, मग सगळे तपासायचे?

नाही. एसएलसी एकटेच चारशेहून जास्त आहेत, पण औषधांच्या इंटरॅक्शनसाठी महत्त्वाचे मोजकेच. २०१० मध्ये इंटरनॅशनल ट्रान्सपोर्टर कन्सॉर्शियमचा पेपर आला, त्यानंतर यादीला आकार आला, आणि आता मे २०२४ मध्ये पक्कं झालेलं आयसीएचचं (औषधांचे नियम देशोदेशी जुळवणाऱ्या संस्थेचं) एम१२ मार्गदर्शक हा सगळ्यांचा आधार आहे. इन्हिबिटर म्हणून नऊ नेहमीचे: पी-जीपी, बीसीआरपी, ओएटीपी१बी१, ओएटीपी१बी३, ओएटी१, ओएटी३, ओसीटी२, मेट१, मेट२-के.

सबस्ट्रेटच्या बाजूला मात्र औषध शरीरातून कसं बाहेर जातं त्यावर ठरतं. पी-जीपी आणि बीसीआरपी साधारण सगळ्यांसाठीच बघतात. लिव्हरचा वाटा एकूण निचऱ्यात २५% किंवा जास्त असेल तर ओएटीपी, आणि किडनीतून सक्रिय स्रवण २५% किंवा जास्त असेल तर किडनीतले पाच, म्हणजे दोन ओएटी, ओसीटी२ आणि दोन मेट.

५. काको-२, एमडीसीके, एचईके, व्हेसिकल... यातलं कधी काय वापरायचं?

बाहेर टाकणारा ट्रान्सपोर्टर असेल तर पेशींचा सलग थर लागतो, म्हणून काको-२ किंवा माणसाचा जीन घातलेल्या एमडीसीके पेशी. काको-२ या माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून आलेल्या, पण फिल्टरवर साधारण २१ दिवस वाढवल्या की छोट्या आतड्याच्या पेशींसारख्या वागायला लागतात. त्यात पी-जीपी, बीसीआरपी, एमआरपी२ (हाही बाहेर टाकणाराच) सगळंच असतं, हे त्यांचं बळ आणि हीच डोकेदुखी, कारण औषध बाहेर फेकलं जातंय हे दिसतं पण कोण फेकतंय ते इन्हिबिटर घालून वेगळं करावं लागतं. एमडीसीके कुत्र्याच्या किडनीच्या, चार-पाच दिवसांत तयार होतात, पण कुत्र्याचं स्वतःचं पी-जीपी आत असतं आणि ते हिशेबात गोंधळ घालतं, म्हणून ते काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या तर त्याच घ्याव्यात.

आत घेणारे ट्रान्सपोर्टर बहुतेक एचईके२९३ या माणसाच्या किडनीपासून बनवलेल्या पेशींत तपासतात (प्रश्न ८).

व्हेसिकल म्हणजे पेशीच्या आवरणाचे उलटे झालेले छोटे फुगे, ट्रान्सपोर्टरची एटीपीची बाजू बाहेर आलेली असते, त्यामुळे एटीपी घातलं की माल फुग्याच्या आत साठतो आणि एटीपीच्या जागी एएमपी घातलं की साठत नाही. बीसेप, बीसीआरपी, एमआरपी यांच्यासाठी छान. पण तुमचं औषध मेम्ब्रेनमधून सहज पार होणारं असेल तर आत गेलेलं तसंच गळून बाहेर येतं आणि सबस्ट्रेट असूनही रिपोर्टमध्ये "नाही" येतं. चांगल्या परमिएबिलिटीच्या औषधासाठी सबस्ट्रेट टेस्ट व्हेसिकलमध्ये करू नका, इन्हिबिटर टेस्ट खुशाल करा.

६. काको-२ चा प्रयोग प्रत्यक्षात होतो कसा?

प्लेटच्या प्रत्येक खड्ड्यात एक छोटा कप लटकत असतो, कपाचा तळ म्हणजे बारीक छिद्रांचा फिल्टर आणि त्या फिल्टरवर पेशींचा एकच थर. कपाच्या आतली बाजू म्हणजे आतड्याची पोकळी, खालची बाजू म्हणजे रक्त. १२ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये वर साधारण अर्धा मिली आणि खाली दीड मिली बफर मावतो.

आधी टीईईआर मोजायचा, म्हणजे दोन काड्यांचं इलेक्ट्रोड, एक काडी वर एक खाली, आणि थराचा विद्युत रोध बघायचा. इथे हात जरा हलला आणि काडी फिल्टरला लागली की थर फाटतो, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही पण तो कप गेला. मग काही कपांत औषध वर घालायचं आणि खालून सॅम्पल घ्यायचं, काहींमध्ये खाली घालून वरून घ्यायचं. ३७ अंशाला, हलक्या हाताने हलवत, एक-दोन तास. शेवटी ल्युसिफर यलो घालून थर अजून शाबूत आहे ना ते बघायचं, ते पिवळं चमकणारं रसायन जास्त प्रमाणात पार झालं तर त्या कपाचा आकडा धरायचा नाही, मग तो कितीही सोयीचा का असेना.

खालून वर जाण्याचा वेग भागिले वरून खाली जाण्याचा वेग म्हणजे एफ्लक्स रेशो. तो २ किंवा जास्त आला, आणि ओळखीचा इन्हिबिटर घातल्यावर हा एफ्लक्स निदान ५०% ने उतरला, तर सबस्ट्रेट. पी-जीपीसाठी झोसुक्विडार किंवा व्हेरापामिल, बीसीआरपीसाठी केओ१४३. व्हेरापामिल आणि केओ१४३ दोन्ही जास्त घातले तर निवडक राहत नाहीत, तेव्हा "जास्त घातलं की खात्रीने अडेल" या विचाराने डोस वाढवू नका.

७. एफ्लक्स रेशो १.८ आला, म्हणजे सबस्ट्रेट नाही असं लिहू का?

थांबा जरा. आधी बघा औषध किती तीव्रतेला टेस्ट केलं. पी-जीपीची क्षमता मर्यादित असते, ५० मायक्रोमोलर घातलं तर ते भरून जातं आणि रेशो १ कडे सरकतो, तेच औषध १ मायक्रोमोलरला ६ देऊ शकतं. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या तीव्रता हव्यात, आतड्यात आणि रक्तात खरोखर जेवढी असेल तो पट्टा धरून.

दुसरं, औषध स्वतःच प्रचंड वेगाने आरपार जाणारं असेल तर एफ्लक्स त्या वेगात बुडून जातो. अशा औषधाचं आतड्यातलं शोषण पी-जीपीमुळे फारसं बिघडणार नाही हे खरं, पण मेंदूच्या बाबतीत तसं गृहीत धरता येत नाही. तिसरं, काको-२ मध्ये पी-जीपीचं प्रमाण लॅबनुसार आणि पॅसेजनुसार (पेशी कितव्यांदा वाढवल्या त्यानुसार) बदलतं, त्या दिवशी तुलनेसाठी चालवलेल्या डिगॉक्सिनचा स्वतःचा रेशो किती आला ते बघा. तोच नेहमीपेक्षा कमी असेल तर तुमच्या १.८ ला काही अर्थ नाही, पेशीच आळसावल्या होत्या. एवढं सगळं बघून, आणि इन्हिबिटर घातल्यावरही १.८ चा १.८ च राहिला, तर बिनधास्त "नाही" लिहा. इन्हिबिटरने तो १.० वर आला तर मी तरी "नाही" लिहिणार नाही, जास्त एक्स्प्रेशनच्या (म्हणजे ट्रान्सपोर्टर जास्त बनवणाऱ्या) एमडीसीके पेशींत परत करेन.

८. अपटेक टेस्टमध्ये दोन मिनिटांत सगळं उरकायची एवढी घाई का?

कारण अपटेकचा, म्हणजे औषध पेशीत आत घेण्याचा, आपल्याला सुरुवातीचा वेग हवा असतो. ओएटीपी१बी१ घातलेली एचईके पेशी औषध पटापट आत घेते, पण पाच-दहा मिनिटांत आत साठलेलं औषध परत बाहेर यायला लागतं आणि मग मोजता ते आत-बाहेरचं मिश्रण. आधी वेळेचा प्रयोग करायचा, सरळ रेषा कुठपर्यंत टिकते ते बघायचं आणि त्याच्या आतलीच वेळ धरायची, बहुतेक वेळा ती १ ते ५ मिनिटांत येते.

वेळ संपली की बर्फासारख्या थंड बफरने लगेच तीनदा धुवायचं. थंडीने ट्रान्सपोर्टर जागीच थांबतो. एचईके पेशी प्लेटला फार हलक्या चिकटतात, पिपेटची धार थेट तळावर सोडली की चकत्याच्या चकत्या सुटून वर तरंगतात, म्हणून पॉली-डी-लायसीन लावलेली प्लेट घ्यायची आणि बफर खड्ड्याच्या भिंतीवरून सोडायचा. शेवटी प्रत्येक खड्ड्यातलं प्रोटीन मोजून त्याने भागायचं, नाहीतर पेशी कमी झाल्या की अपटेक कमी हे समजणारच नाही.

सोबत ट्रान्सपोर्टर नसलेल्या रिकाम्या पेशी हव्यातच. त्यांच्यापेक्षा दुप्पट किंवा जास्त अपटेक आणि इन्हिबिटरने निदान ५०% घट, हाच इथलाही निकष. मेटसाठी एक वेगळी खुबी आहे, तो प्रोटॉनच्या बदल्यात माल हलवतो, म्हणून बाहेरचा पीएच वाढवून किंवा आधी अमोनियम क्लोराइड देऊन पेशीचा आतला भाग आम्ल करून त्याला उलटा चालवतात, म्हणजे बाहेर टाकणारा ट्रान्सपोर्टर प्रयोगापुरता आत घेणारा होतो.

९. आयसी५० आला ५ मायक्रोमोलर. हे चांगलं की वाईट?

आयसी५० म्हणजे ट्रान्सपोर्टरचं काम निम्म्यावर आणायला लागणारी औषधाची तीव्रता, जितकी कमी तितका अडथळा जोरदार. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आणि याचं उत्तर नुसत्या ५ वरून देताच येत नाही. ५ कशाच्या तुलनेत, हा मुद्दा आहे. त्या ट्रान्सपोर्टरच्या जागी औषध मोकळ्या अवस्थेत किती असेल, त्याच्याशी तुलना करायची, आणि जागा प्रत्येकाची वेगळी.

एक काल्पनिक औषध धरू. डोस १०० मिग्रॅ, मॉलिक्युलर वेट ५००, म्हणजे २०० मायक्रोमोल. रक्तातली सर्वोच्च पातळी १ मायक्रोमोलर, त्यातलं प्रोटीनला न चिकटलेलं २%, म्हणजे मोकळं ०.०२ मायक्रोमोलर.

आतड्यातलं पी-जीपी आणि बीसीआरपी: पूर्ण डोस २५० मिली पाण्यात विरघळला असं धरतात, म्हणजे ८०० मायक्रोमोलर. हा आकडा भागिले आयसी५० जर १० किंवा जास्त आला तर धोका नाकारता येत नाही. ८०० भागिले ५ म्हणजे १६०. गेलो कामातून, पुढे बघावं लागणार.

किडनीतले ओएटी१, ओएटी३, ओसीटी२: इथे रक्तातली मोकळी पातळी धरतात आणि आयसी५० तिच्या १० पटीपेक्षा जास्त असला की सुटलो. ०.०२ ची १० पट ०.२, आपला ५ त्याच्या कितीतरी वर. मेटसाठी हाच हिशेब ५० पटीने, म्हणजे १ मायक्रोमोलर, तिथेही सुटलो.

लिव्हरमधले ओएटीपी: इथे चुका फार होतात. आतड्यातून आलेलं औषध आधी पोर्टल व्हेनमधून लिव्हरला पोचतं, तिथली पातळी हाताच्या रक्तापेक्षा जास्त असते. सगळ्यात वाईट शक्यता धरली, म्हणजे पूर्ण शोषण आणि मिनिटाला ०.१ असा वेग, तर २०० गुणिले ०.१ म्हणजे मिनिटाला २० मायक्रोमोल, भागिले लिव्हरचा रक्तप्रवाह मिनिटाला साधारण १.६ लिटर, म्हणजे साधारण १२.४. त्यात रक्तातला १ मिळवला की १३.४, त्यातलं २% मोकळं म्हणजे ०.२७. याची १० पट २.७. आपला ५ थोडक्यात सुटला. पण आयसी५० जर २ असता तर अडकलो असतो, आणि चुकून ०.०२ धरून हिशेब केला असता तर कळलंही नसतं.

म्हणजे एकच आयसी५०, आतड्यात धोका, किडनीत निवांत, लिव्हरमध्ये काठावर. हे कटऑफ मुद्दाम कडक ठेवलेत. यातून "धोका नाही" असं उत्तर आलं तर त्यावर विश्वास ठेवता येतो, "धोका आहे" असं आलं तर त्याचा अर्थ एवढाच की अजून बघायला हवं.

१०. प्रोटीनला ९९.८% चिकटणारं औषध आहे, मग मोकळा भाग ०.२% धरू का?

पूर्वी सरळ नियम होता, १% पेक्षा कमी मोजलं तरी १% धरा, कारण एवढं बारीक मोजण्यात चूक सहज होते आणि हिशेब पाच पटीने हलतो. एम१२ मध्ये मोजलेला आकडा वापरायची मुभा आहे, पण पद्धत भरवशाची आहे हे जास्त चिकटणाऱ्या ओळखीच्या औषधांवर दाखवावं लागतं. ते काम केलं नसेल तर १% च धरा.

११. आमचा आयसी५० आणि दुसऱ्या लॅबचा आयसी५० यात दहा पटीचा फरक आहे, कोण चुकलं?

कदाचित कुणीच नाही. पी-जीपीच्या बाबतीत हे मुद्दाम तपासलं गेलंय, वीसहून जास्त लॅब्सनी तेच इन्हिबिटर डिगॉक्सिनबरोबर आपापल्या पद्धतीने मोजले, २०१३ मध्ये निकाल छापून आले, आणि एकाच इन्हिबिटरच्या आयसी५० मध्ये लॅबपरत्वे प्रचंड तफावत निघाली. पेशी वेगळ्या, एक्स्प्रेशन वेगळं, एवढंच काय, आयसी५० काढायचं गणित वेगळं, कुणी एफ्लक्स रेशोवरून काढतं तर कुणी एका दिशेच्या वेगावरून.

म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलून त्याला आपला कटऑफ लावू नये. आपल्या लॅबमध्ये ओळखीचे इन्हिबिटर चालवून आपलं स्वतःचं माप बसवून ठेवा. तरीही फरक खटकत असेल तर पुढचा प्रश्न वाचा, बऱ्याचदा चोर तिथे सापडतो.

१२. रिकव्हरी ५०% आली, औषध गेलं कुठे?

रिकव्हरी म्हणजे घातलेल्या औषधापैकी शेवटी परत मोजलं गेलेलं. बाकीचं प्लास्टिकला चिकटलं, पेशीत अडकलं, विरघळलंच नाही किंवा पेशींनी तोडलं. चरबीत रमणाऱ्या औषधांत हे सर्रास होतं. तुम्ही लिहिता १० मायक्रोमोलर आणि खड्ड्यात मोकळं असतं ३, मग आयसी५० खराखुरा आहे त्याच्या तिप्पट दिसतो आणि औषध उगाच निरुपद्रवी वाटतं. चूक धोक्याच्या दिशेने होते म्हणून मी यावर एवढं बोलते.

करायचं काय, तर प्रयोग सुरू होताना आणि संपताना द्रावणातली तीव्रता प्रत्यक्ष मोजा आणि हिशेब मोजलेल्या आकड्यावर करा. घेणाऱ्या बाजूला थोडं अल्ब्युमिन घातलं तर चिकटणं कमी होतं, पण मग मोकळा भाग वेगळा मोजावा लागतो. डीएमएसओ (औषध विरघळवायला वापरतात ते द्रावक) १% च्या वर नेऊ नका. वरच्या डोसला खड्ड्यात धूसरपणा किंवा बारीक कण दिसले तर तो बिंदू वक्रात घ्यायचाच नाही.

१३. ओएटीपीसाठी इन्हिबिटर आधी अर्धा तास ठेवायला सांगतात, बाकीच्यांसाठी का नाही?

कारण ओएटीपी१बी१ आणि १बी३ वर काही औषधांचा परिणाम वेळेनुसार वाढतो. सायक्लोस्पोरिन हे ठळक उदाहरण, औषध आणि सबस्ट्रेट एकदम घातलं तर आयसी५० जास्त दिसतो, आधी ३० मिनिटं किंवा जास्त वेळ ठेवलं की तो बराच खाली येतो. आणि सायक्लोस्पोरिन प्रत्यक्ष माणसात कोलेस्टेरॉलवरच्या रोसुवास्टॅटिनची रक्तातली एकूण मात्रा सुमारे ७ पट करतं, म्हणजे ही काही कागदावरची काळजी नाही. (रोसुवास्टॅटिनच्या प्रवासात बीसीआरपीही आहे, ते ७ पट सगळं एकट्या ओएटीपीच्या खात्यावर टाकू नका.)

१४. ओसीटी२ साठी एमपीपी वापरलं आणि इन्हिबिशन दिसलं नाही, मेटफॉर्मिनने परत करायला सांगतायत. का?

बरोबर सांगतायत. ओसीटी२ मध्ये वेगवेगळे सबस्ट्रेट वेगवेगळ्या ठिकाणी बसत असावेत, कारण एकाच इन्हिबिटरचा आयसी५० सबस्ट्रेट बदलला की बदलतो. एमपीपी हे लॅबमधलं रसायन, रुग्णाला ते कुणी देत नाही, डायबेटिसचं मेटफॉर्मिन देतात, मग तेच सबस्ट्रेट घेतलेलं बरं. सबस्ट्रेटची तीव्रता त्याच्या केएमपेक्षा (ज्या तीव्रतेला ट्रान्सपोर्टर निम्म्या वेगाने चालतो) खूप कमी ठेवा, म्हणजे आयसी५० आणि केआय (इन्हिबिटर किती घट्ट धरतो त्याचं माप) जवळपास एकच धरता येतात.

ॲसिडिटीवरच्या सिमेटिडीनची गोष्टही इथलीच. त्याने मेटफॉर्मिनची पातळी वाढते याचं खापर बरीच वर्षं ओसीटी२ वर फुटत होतं, पण रुग्णाच्या रक्तात असते त्या पातळीला सिमेटिडीन ओसीटी२ ला फारसं अडवत नाही, मेटला अडवतं. दोन्ही ट्रान्सपोर्टर एकाच पेशीच्या दोन टोकांना बसलेले, एक रक्ताकडून आत घेतो, दुसरा लघवीत टाकतो, म्हणून दोघांची टेस्ट कायम जोडीने वाचायची.

१५. ट्रायलमध्ये क्रिएटिनिन वाढलं, औषधाने किडनी खराब केली का?

दरवेळी नाही. क्रिएटिनिन नुसतं गाळून जात नाही, त्याचा काही भाग ओसीटी२ आणि मेट मधून स्रवतो. ट्रान्सपोर्टर अडला की किडनी धडधाकट असूनही रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढतं. ट्रायमेथोप्रिम, सिमेटिडीन, कोबिसिस्टॅट, डोल्युटेग्रॅव्हिर सगळ्यांत हे दिसतं. वाढ सुरुवातीच्या दिवसांतच होऊन स्थिर राहिली, औषध थांबवल्यावर उतरली, सिस्टॅटिन सी (या ट्रान्सपोर्टरवर अवलंबून नसलेलं किडनीचं माप) हललं नाही आणि लॅबचा आयसी५० जुळतोय, तर ट्रान्सपोर्टरकडे बोट दाखवता येतं. पण म्हणून विषय तिथेच संपत नाही, तोच अडथळा मेटफॉर्मिनलाही होतो. डोल्युटेग्रॅव्हिर रोज ५० मिग्रॅ घेताना मेटफॉर्मिनची रक्तातली एकूण मात्रा ७९% ने वाढलेली नोंदली गेली आहे.

१६. रिफाम्पिसिन इन्हिबिटर आहे की इंड्यूसर? दोन ठिकाणी दोन गोष्टी वाचल्या.

दोन्ही खऱ्या (इंड्यूसर म्हणजे ट्रान्सपोर्टरचं प्रमाण वाढवणारं). एकच डोस दिला तर ते ओएटीपी१बी ला जोरात अडवतं, म्हणून क्लिनिकल स्टडीत एका डोसचं रिफाम्पिसिन ओएटीपीचा इन्हिबिटर म्हणून वापरतात. रोज आठवडाभर दिलं तर पीएक्सआर (जीन चालू करणारं पेशीतलं प्रोटीन) जागं होतं आणि आतड्यातलं पी-जीपी वाढतं, मग डिगॉक्सिनची पातळी उतरते. त्यामुळे रिफाम्पिसिनचा अभ्यास वाचताना आधी किती दिवस दिलं आणि दुसरं औषध कधी दिलं ते बघा.

इंडक्शनची लॅब टेस्ट करायची का, असंही विचारतात. ट्रान्सपोर्टरसाठी अजून तशी भरवशाची ठरलेली पद्धत नाही. औषध पीएक्सआरमार्फत सीवायपी३ए वाढवतंय असं दिसलं की पी-जीपीही वाढू शकतं असं धरून पुढे जातात.

१७. मूळ औषध साफ निघालं, मग मेटाबोलाइटची कटकट कशाला?

मेटाबोलाइट म्हणजे औषधापासून शरीरात बनणारा पदार्थ, आणि कटकट जेमफिब्रोझिल या रक्तातली चरबी कमी करणाऱ्या औषधामुळे. कोलेस्टेरॉलवरचं सेरिवास्टॅटिन २००१ मध्ये जगभर बाजारातून काढून घेतलं गेलं, स्नायू विरघळून मृत्यू झाले होते, आणि जेमफिब्रोझिलबरोबर घेणाऱ्यांत धोका खूप जास्त होता. खरी करामत बऱ्याच अंशी जेमफिब्रोझिलच्या ग्लुकुरोनाइड या मेटाबोलाइटची, तो सीवायपी२सी८ ला कायमचा बंद पाडतो आणि ओएटीपी१बी१ लाही अडवतो. म्हणजे लिव्हरमध्ये शिरायचं दार आणि आतलं एन्झाइम दोन्ही एकाच वेळी बंद. रक्तात भरपूर फिरणारा मेटाबोलाइट असेल तर त्याची टेस्ट टाळू नका, ग्लुकुरोनाइड असेल तर मुळीच टाळू नका.

१८. उंदरावर केलेल्या टेस्टवरून माणसाचं सांगता येईल का?

फार जपून. माणसात ओएटीपी१बी१ आणि १बी३ दोन आहेत, उंदराकडे त्या जागी एकच, १बी२. माणसाच्या किडनीत मुख्य ओसीटी२, उंदरांच्या किडनीत ओसीटी१ सुद्धा काम करतो. मेट२-के तर त्यांच्याकडे नाहीच. पण जीन काढून टाकलेले प्राणी एखादा ट्रान्सपोर्टर नक्की काय करतो हे फार स्पष्ट दाखवतात, १९९४ मध्ये पी-जीपी नसलेले उंदीर जंतांवरच्या आयव्हरमेक्टिनने दगावले तेव्हाच मेंदूच्या वेशीवर पी-जीपी पहारा देतं हे ठळक झालं. कॉली जातीच्या कित्येक कुत्र्यांत हाच जीन जन्मतः मोडलेला असतो, त्यांना आयव्हरमेक्टिनचा जादा डोस जिवावर बेततो.

१९. पेशींत सगळं नॉर्मल प्रोटीन असतं, पण माणसामाणसात जीन वेगळे. त्याचं काय?

ते या टेस्टमध्ये दिसत नाही. ओएटीपी१बी१ चा जीन म्हणजे एसएलसीओ१बी१, त्यातला ५२१टी>सी बदल असलेल्यांत लिव्हर स्टॅटिन कमी उचलतं. २००८ च्या अभ्यासात सिमवास्टॅटिन ८० मिग्रॅ घेणाऱ्यांत या बदलाच्या प्रत्येक प्रतीमागे स्नायूंच्या आजाराची शक्यता साधारण साडेचार पट निघाली. अशा माणसाचा ट्रान्सपोर्टर आधीच अर्धवट बंद आहे. सबस्ट्रेट टेस्टमध्ये ओएटीपी१बी१ वर अवलंबून असलेलं औषध निघालं की ट्रायलमध्ये या जीनची नोंद ठेवा असं मी आग्रहाने सांगते.

२०. कटऑफ ओलांडला, आता थेट क्लिनिकल स्टडी?

लगेच नाही. आधी प्रश्न १२ प्रमाणे मोजलेली तीव्रता धरून हिशेब परत करा. मग शोषणाचा वेग, विद्राव्यता यांचे खरे आकडे घाला, प्रश्न ९ मधले ८०० मायक्रोमोलर हे सगळं विरघळलं असं धरून आहेत, औषध पाण्यात जेमतेम २० मायक्रोमोलर विरघळत असेल तर चित्र बदलतं, फक्त ते आकड्यांनिशी मांडावं लागेल. पीबीपीके मॉडेल (शरीरातला औषधाचा प्रवास कॉम्प्युटरवर मांडणारं) चालवता येतं. ओएटीपी१बी साठी तर अजून एक चांगला मार्ग आहे, कोप्रोपॉर्फिरिन-१ हे शरीरातच तयार होणारं रसायन ओएटीपी१बी मधूनच लिव्हरमध्ये जातं, पहिल्याच ट्रायलच्या रक्ताच्या नमुन्यांत ते मोजलं आणि औषध दिल्यावर ते वाढलं नाही, तर वेगळ्या स्टडीची गरज टळू शकते. एवढं करूनही शंका राहिली तर मग डिगॉक्सिन, रोसुवास्टॅटिन, मेटफॉर्मिन अशा ओळखीच्या औषधाबरोबर माणसांत स्टडी.

२१. माझ्या गोळीच्या माहितीपत्रकात "पी-जीपी इन्हिबिटर" लिहिलंय, गोळी बंद करू का?

स्वतःहून अजिबात नको. प्रश्न ९ मध्ये बघितलं तसं, लॅबमध्ये अडथळा दिसणं आणि शरीरात त्रास होणं यात बरंच अंतर आहे, आणि चालू औषध अचानक बंद करण्याचा धोका कितीतरी वेळा मोठा असतो. डिगॉक्सिन, डॅबिगॅट्रान, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन यातलं काही सोबत चालू असेल तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. फेक्सोफेनाडीन घेत असाल तर फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, पाण्याबरोबर घ्या, रस आतड्यातला आत घेणारा ओएटीपी अडवतो आणि गोळी अंगी लागत नाही.

२२. बीसेप पण पॅनेलमध्ये आहे, त्याचा कटऑफ कुठेच सापडत नाही.

कारण बीसेपची टेस्ट मुळात दोन औषधांच्या इंटरॅक्शनसाठी करत नाहीत, म्हणून तो प्रश्न ४ च्या नऊमध्ये नाही. बीसेप लिव्हरमधून पित्तक्षार बाहेर टाकतो, तो अडला की पित्तक्षार पेशीतच साठतात आणि लिव्हरला इजा होऊ शकते. टेस्ट व्हेसिकलमध्ये टॉरोकोलेट वापरून होते. ट्रोग्लिटाझोन आणि बोसेंटान दोन्ही बीसेपला अडवतात आणि दोघांनाही लिव्हरच्या त्रासाचा इतिहास आहे, पण बीसेप अडवूनही लिव्हरला काही न करणारी औषधंही आहेत. त्यामुळे हा आकडा इंटरॅक्शनच्या तक्त्यात न टाकता लिव्हर सेफ्टीच्या बाकीच्या माहितीशेजारी ठेवा, एएलटी आणि बिलिरुबिनच्या आकड्यांबरोबर.